तिसऱ्या मजल्यावरचे इंग्लंड

माणूस शिकायला परदेशी निघतो तेव्हा तो एकटा निघत नाही, त्याच्याबरोबर अख्खा गाव निघतो, असे माझे घरमालक व्यासपीठावरून नेहमी सांगत. माझ्या बाबतीत हे शब्दशः खरे ठरले. गाव जीपगाड्या भरून माझ्याबरोबर विमानतळापर्यंत आला, हात हलवून परत गेला, आणि त्याच्या मागोमाग तासाभराने मीही परत आलो.

पनवेलच्या कॉलेजात असताना मी कामोठ्याच्या जुन्या गावाला लागून असलेल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. इमारत त्याच घरमालकांची. सगळे त्यांना शेठ म्हणत. त्यांच्या वाडवडिलांची खाडीकाठी मिठागरे होती. ती नव्या विमानतळाच्या जागेत गेली आणि त्या बदल्यात शेठ इमारतीचे मालक झाले. विमानात ते कधी बसले नव्हते. त्याबद्दल त्यांना खंत नव्हती. "धावपट्टीखाली आपलं मीठ हाय," ते म्हणत. "जो कोन उतरंल तो आपल्या मिठावरच उतरनार."

शेठना दोन गोष्टींची आवड होती, माईक आणि शाल. गाडीच्या डिकीत स्टेपनी नसे, कारण तिच्या जागी शालींचा गठ्ठा, नारळाची गोण आणि चाकांवरचा स्पीकर असे. वाटेत टायर पंक्चर झाला तर ते मदतीला येणाऱ्याचा तिथेच सत्कार करीत, पण टायर बदलायला त्या बिचाऱ्यालाच गॅरेज शोधत जावे लागे. आमच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाचा त्यांनी काम निम्मे झाले असतानाच सत्कार केला. तो शाल आणि नारळ घेऊन इतक्या भारावलेल्या अवस्थेत गेला की उरलेले निम्मे काम करायला परत आलाच नाही. सत्काराचा फोटो लिफ्टच्या दारावर लावला होता. जिना चढून दम लागला की मी तो पाहत असे.

काम व्हायच्या आधी सत्कार का, असे मी त्यांना एकदा विचारले.

"झाल्यावर कोन पन करंल," शेठ म्हणाले. "आदी करायचा. हार गल्यात परला का मानूस बांदला जातो. मंग त्याला काम करावंच लागतं."

"आणि लिफ्टवाला?"

"तो हलका मानूस निगाला. त्यात हाराची काय चूक?"

या सिद्धांतामागे एक जुना विजय होता. तो मला काकींनी, म्हणजे शेठच्या बायकोने, भाकरी थापता थापता सांगितला. तरुणपणी शेठनी गावच्या जत्रेत काकींच्या वडिलांना व्यासपीठावर बोलावले, "आमचे होणारे सासरे" असे माईकवर पुकारले आणि शाल घातली. वडिलांना तोवर कोणी काही विचारलेले नव्हते. "बाप घरी आला नं शाल काडून ठेवली," काकी म्हणाल्या. "बोलला, आता नाय कसं बोलायचं? सगल्या गावानं टाल्या वाजवल्यान."

तेव्हापासून हा माणूस जगाशी याच पद्धतीने व्यवहार करीत आला होता. आणि माझे नाव इंग्लंडच्या एका विद्यापीठात लागले, त्या दिवशी मी त्यांच्या तावडीत सापडलो.

आधी हे सांगितले पाहिजे की माझ्या खोलीची ख्याती होती. माझ्यापूर्वी तिथे राहून गेलेला प्रत्येक भाडेकरू परदेशी गेला होता. एक जर्मनीला, एक कॅनडाला आणि एक मस्कतला, तो नोकरीसाठी. पण शेठ त्यालाही उच्च शिक्षणातच धरीत. खोली बघायला येणाऱ्यांना ते नळ, हवा, उजेड असले काही दाखवत नसत. "हितला पानीच तसा हाय," एवढेच सांगत. गल्लीच्या पलीकडे त्यांच्या चुलतभावाची इमारत होती. त्याला शेठ फक्त 'समोरचा' म्हणत. त्याच्या इमारतीतून आजवर कोणी पुण्याच्या पुढे गेलेले नव्हते. दोघांचे बोलणे होते, जेवणे होते, एकमेकांच्या प्रत्येक समारंभाला हजेरी होती, कारण कोण कुठल्या रांगेत बसला हे लक्ष ठेवल्याशिवाय कळत नाही.

माझ्या प्रवेशाची बातमी कळताच शेठनी नाक्यावर बॅनर लावला. त्यावर माझ्या डोक्यावर पदवीची काळी टोपी होती. माझा निकाल लागायचा होता. मागे एक घड्याळाचा मनोरा, खाली गावातल्या तीसेक मान्यवरांचे चेहरे आणि मध्ये माझ्यापेक्षा मोठे शेठ. सत्काराची तारीख ठरली. नेमक्या त्याच दिवशी मुंबईच्या एका दवाखान्यात माझ्या छातीचा एक्स-रे होता. क्षयरोग नसल्याचा दाखला व्हिसाच्या अर्जाला लावावा लागतो आणि ती तारीख मोठ्या मिनतवारीने मिळाली होती.

"शेठ, मला त्या दिवशी मुंबईला जावं लागेल."

"कशाला?"

"फुप्फुसं तपासायला."

"फुप्फुसं काय पलून जातान? आमदार येनार हायत."

आमदार आले नाहीत. त्यांचे पीए आले. माझ्या गळ्यात इतके हार पडले की मला समोरचे दिसेना. 'समोरच्या'ने तर भाषण केले. मी शाळेत असल्यापासून हुशार होतो असे त्याने सांगितले, आणि मला त्याने पहिल्यांदा पाहिले ते त्याच दिवशी. एक्स-रेची पुढची तारीख अर्जाच्या मुदतीनंतरची मिळाली. मी दाखला मागाहून जोडतो असे लिहून अर्ज धाडला. इंग्रज माणूस मागाहून जोडलेले काही वाचत नाही. विमानाला आठवडा असताना नकार आला.

मी खाली शेठच्या ऑफिसात गेलो. ऑफिस म्हणजे तळमजल्यावरचा गाळा. तिथे एक टेबल, सत्कारांचे फोटो आणि कायम कोणीतरी चहा पीत बसलेले.

"व्हिसा नाही मिळाला," मी सांगितले.

"नाय म्हंजे?"

"नाही म्हणजे नाही. अर्ज फेटाळला."

"पन आपला सत्कार झालाय."

"ते त्यांना माहीत नाही, शेठ."

शेठच्या चेहऱ्यावर आशा उगवली. "मंग कलवायला पायजे," ते म्हणाले, आणि बॅनरचा फोटो वकिलातीला पाठवता येईल का याची त्यांनी खरोखर चौकशी केली.

मी चिपळूणला वडिलांना फोन केला. ते एका शाळेत क्लार्क आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. जानेवारीच्या तुकडीत विद्यापीठ मला घेणार होते, फक्त पुन्हा अर्ज करायचा होता. तोवर घरी येऊन राहतो, असे मी म्हणालो.

"घरी येऊ नकोस," वडील म्हणाले. "इथे पेढे वाटून झालेत. हेडमास्तरांनी तुझं नाव फळ्यावर लिहिलंय."

"पुसायला सांगा."

"रंगाने लिहिलंय रे."

तर माझ्यापुढे असा पेच होता. पुढच्या खेपेला व्हिसा मिळाला नाही तर माझे वर्ष जाणार होते. आणि मिळेपर्यंत मला राहायला पृथ्वीवर जागा नव्हती, कारण चिपळूण आणि कामोठे या दोन्ही ठिकाणांहून मी गेलेला होतो. शेठपुढचा पेच याहून मोठा होता. त्यांचा शब्द माईकवरून गेलेला होता. शिवाय समोरच्या गॅलरीत 'समोरचा' उभा होता.

"तू जानार," शेठ म्हणाले. "ठरल्या दिवशी जानार. म्हंजे गेटपरेंत जानार. पुडचा पुडं बगू."

तिकीट होतेच. ठरल्या दिवशी गावच्या बेंजो पार्टीचा बेंजो वाजला, काकींनी डोळे पुसत माझ्यावरून लिंबू उतरवले, जीपगाड्या निघाल्या. मुंबईच्या विमानतळावर शेठनी पोलीस हाकलेपर्यंत भाषण केले. मी तिकीट दाखवून आत गेलो, एका खांबाआड बसून राहिलो, आणि गाव पांगल्यावर हार घातलेल्या अवस्थेतच बाहेर जायला निघालो. विमानतळात शिरण्यापेक्षा बाहेर पडणे अवघड असते. दारावरच्या जवानाने अडवले.

"वापस क्यों?"

"कुछ भूल गया."

"क्या भूल गए?"

"व्हिसा."

त्याने माझ्याकडे पाहिले, हारांकडे पाहिले आणि बाजूला झाला. दुसऱ्या दाराशी शेठ गाडी घेऊन उभे होते. मला मागच्या सीटवर आडवे करून त्यांनी माझ्यावर शाली पसरल्या आणि इंग्लंडला, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, आणून सोडले.

तिथले माझे दिवस वाईट गेले असे म्हणता येणार नाही. खिडकीला जाड पडदा होता. काकी दोन्ही वेळा ताट आणून देत. नव्या एक्स-रेची तारीख मिळाली तेव्हा शेठनी मला हेल्मेट घालून गाडीत बसवले. चारचाकीत हेल्मेट घालून बसलेल्या माणसाकडे लोक जास्तच बघतात, हे त्यांना पटवता आले नाही. फुप्फुसे चांगली निघाली. दाखला हातात आला त्या दिवशी शेठनी तो स्वतः तीनदा वाचला. इंग्रजी त्यांना येत नव्हते. पण अर्ज गेला की नाही हे मात्र ते रोज विचारू लागले. तो गेल्यावर "काय बोलतान ते?" असे रोज विचारू लागले. पूर्वी त्यांनी कागदाबद्दल कधीच काही विचारले नव्हते.

संध्याकाळी ते वर येऊन बसत. आश्चर्य म्हणजे माझ्याशी बोलताना ते मी तिकडेच आहे असे धरून बोलत. "थंडी कशी हाय?" "जेवनाचे हाल होतान का?" आधी मला वाटे हा सराव आहे. मग ध्यानात आले की त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे आहे आणि विचारायला दुसरे कोणी नाही. मी इंटरनेटवर वाचून उत्तरे देऊ लागलो. एकदा त्यांनी विचारले, "तिकडं मीठ कुठनं येतं? ऊन तं नाय."

मी शोधून सांगितले की तिथे जमिनीखाली मिठाच्या खाणी आहेत. दगड फोडावा तसे मीठ फोडून काढतात.

"खानीतनं?"

"हो."

"म्हंजे अंधारातनं."

त्यांच्या वडिलांची पाठ आयुष्यभर उन्हात भाजली होती, हे मला माहीत होते. जाताना ते एवढेच म्हणाले, "समोरच्याला सांगू नको. तो खरा मानायचा नाय."

त्रास होता तो व्हिडिओ कॉलचा. ऑफिसात कोणी वजनदार माणूस आला की शेठ त्याला म्हणत, "थांबा, आपल्या इंग्लंडच्या पोराशी बोलू," आणि तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्याला फोन लावीत. मग मी स्वेटर चढवायचा, केस उडू नयेत म्हणून पंखा बंद करायचा आणि घामाघूम होत थंडीबद्दल बोलायचे. तिथल्या वेळेचा हिशेबही शेठना अडवीत नसे. सकाळी दहाला फोन लावून ते पाहुण्याला सांगत, "तिकडं आता पाट हाय. पोरगा पाटे उठून अभ्यास करतो." पनवेल तालुक्यात माझ्याइतका मेहनती विद्यार्थी त्या काळात दुसरा नव्हता.

तुळशीचे लग्न झाले आणि हळदी सुरू झाल्या. आमच्या भागात हळद लागली की लग्नापेक्षा तिचाच आवाज मोठा असतो. अशा एका संध्याकाळी खुद्द 'समोरचा' शेठच्या ऑफिसात येऊन बसला आणि म्हणाला, "लाव रं, बोलू दे तुज्या पोराशी. भाषन मी केलेलं."

फोन आला. मी स्वेटरात तयार झालो.

"काय इंजिनेर!" मी वाणिज्य शाखेचा होतो. "बरा हाय ना?"

"बरा आहे, काका. थंडी फार."

"बरफ परला का?"

"कालच."

एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बेंजो सुरू झाला. हळदीची मिरवणूक आमच्या इमारतीखालून निघाली. खिडकी बंद होती, तरी काचा थरथरू लागल्या. ऑफिसात दारातून बेंजो ऐकू येत होता आणि फोनमधूनही तोच बेंजो, किंचित मागाहून. फोनच्या पडद्यावर 'समोरच्या'चा चेहरा हळूहळू कानाकडे झुकला.

"तिकडं पन हलद हाय?" त्याने विचारले.

माझ्याआधी शेठनाच सुचले. "आपली मानसं कुठं नाय?" ते म्हणाले.

"बेंजो आपल्याच गावचा वाटतो."

"चांगल्या पार्टीला बाहेरनं पन बोलावतान."

'समोरचा' बराच वेळ फोनमधल्या माझ्याकडे बघत राहिला. माझ्या कपाळावरून घाम हनुवटीला आला होता. मग तो म्हणाला, "बरा हाय. अब्यास कर," आणि उठला. मी पडद्याच्या फटीतून पाहिले. तो गल्ली ओलांडून आपल्या दारापाशी गेला, वळला, आमच्या तिसऱ्या मजल्याकडे मान वर केली आणि बेंजोच्या वरताण ओरडला, "खिरकी नीट लाव रं! बरफ आत येल!"

त्या रात्री शेठ जेवले नाहीत. सकाळी गावभर होणार, असे धरून ते बसले होते. सकाळी काही झाले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला तरी कोणी चकार शब्द काढला नाही. शेठना हा 'समोरच्या'चा मोठेपणा वाटला, आणि ते त्यामुळे फार अस्वस्थ झाले. मला कारण निराळे दिसत होते. भाषण त्याने केले होते. बॅनरवर त्याचा चेहरा होता. मी गेलो नाही असे ठरले तर नुसते शेठच खोटे पडत नव्हते. हार घालणारे, फोटोत मागे उभे राहणारे, जीपमधून आलेले, सगळेच पडत होते. एका सत्कारात किती लोकांचे नाक गुंतलेले असते, याचा अंदाज सत्कार फुकट गेल्याशिवाय येत नाही.

आणि मग कळले की गुपित असे काही नव्हतेच. करंजा बंदरावरून एक मावशी मासे घेऊन यायच्या. त्या खाली टोपली ठेवून काकींना हाक मारत. एका सकाळी त्यांचा आवाज थेट माझ्या खिडकीत आला.

"ए काकी, बांगरं घे! तुज्या लंडनवाल्याला आवरतान ना?"

"हल्लू बोल गो!" काकी दबक्या आवाजात म्हणाल्या.

"हल्लू कशाला? तो लंडनात हाय. त्याला काय ऐकू जातंय?"

जिन्यात कोणीतरी हसले. मग आणखी कोणीतरी. मी पडद्याआड बसून मोजणे सोडून दिले.

हे मी शेठना सांगितले नाही. काकींनीही सांगितले नाही. सगळ्यांना ठाऊक आहे हे फक्त शेठना ठाऊक नव्हते, आणि ते त्यांना कळू नये याची काळजी आता अख्खा गाव घेत होता. ते ऑफिसात बसून माझी ख्यालीखुशाली सांगत आणि लोक "असं का, वा" म्हणत चहा पीत.

जानेवारीत व्हिसा आला. मी जिना उतरून ऑफिसात गेलो. इतक्या महिन्यांनी दिवसाउजेडी, हेल्मेटशिवाय, पहिल्यांदा. शेठ एकटेच होते. मी पासपोर्ट उघडून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी त्या शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मग सवयीने उठले, गाडीच्या डिकीपाशी गेले, शाल काढली, झटकली आणि थबकले. गेलेल्या माणसाला निरोप देता येत नाही. शाल परत ठेवताना त्यांच्या हाताला घडी जमेना. काकी घरातून बाहेर आल्या आणि त्यांनी ती घालून दिली.

"आदी कागद, मंग हार आसतो," काकी म्हणाल्या. "आता कागद हाय तं हार नाय. तुमचा काय तो सगला उलटाच."

शेठनी डिकी लावली.

निघालो तो सकाळचा दहाचा सुमार. शेठ स्वतः गाडी चालवत होते. आडवे झोपायला मी नकार दिला. गल्ली भरलेली होती, आणि गाडी निघताच गल्लीतल्या प्रत्येकाला काहीतरी काम निघाले. चहावाल्याने पाठ करून स्टोव्ह पुसायला घेतला. मावशी टोपलीत मान घालून मासे चाळू लागल्या. 'समोरचा' गॅलरीत उभा होता. तो वळला आणि भिंतीकडे तोंड करून सुकलेल्या तुळशीला पाणी घालू लागला, गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत. कोणीही आमच्याकडे पाहिले नाही.

"नशीब," शेठ म्हणाले. "कोनी बगितला नाय."

"नाही," मी म्हणालो.

विमानतळावर त्यांनी माझी बॅग उतरवली. माईक नव्हता, त्यामुळे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हते. शेवटी त्यांनी ते माझ्या डोक्यावर ठेवले.

"जा," ते म्हणाले. "आता आतनं भाएर नको येऊ." आणि मी वळल्यावर मागून, "आलास तं मी हाय."

काकींनी मला पुढे फोनवर सांगितले की शेठ मी आत गेल्यावर घरी आले नाहीत. ते गाडी घेऊन दुसऱ्या दाराशी गेले, जिथे मागच्या खेपेला मी बाहेर पडलो होतो, आणि माझे विमान उडाल्याचे कोणीतरी त्यांना विमानांच्या वेळांच्या फळ्यावर वाचून दाखवीपर्यंत तिथेच उभे राहिले. त्यानंतर थोडा वेळ ते गाडीत नुसते बसून होते, असे त्यांनी स्वतः काकींना सांगितले.

तिथून ते परस्पर उलव्याला गेले. उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला निघालेल्या एका मुलीचा तिथे त्यांच्या हस्ते सत्कार होता. मुलगी अकरावीला होती.